पाचव्या पानावर चहा सांडला

३ नोव्हेंबर, सोमवार

पक्कड,

पक्कड म्हटलेलं अजून चालतं ना? पंधरा दिवसांची असताना तू माझं बोट असं धरून ठेवलं होतंस की तुझ्या आईला दोन्ही हातांनी सोडवावं लागलं. तेव्हापासून तू पक्कड. आता सव्वीस वर्षांची बाई झालीस, छापून येतेस, पण मला दुसरं नाव तोंडात बसत नाही.

तुझं पाकीट पोचलं. सात वर्षांत दोन फोन, तेही कागदांवर सह्या हव्या होत्या म्हणून, आणि आज एकदम पाकीट! बाप घाईघाईने फोडतो, तर आत छापील आठ पानं आणि वर टाचणीने लावलेली चिठ्ठी. "बाबा, मी तीस तारखेला देश सोडून जातेय. परत यायचा विचार नाही. ही माझी कथा वाचा. समजली तर त्याआधी भेटायला या. नाही समजली तर येऊ नका. तेच पुन्हा ऐकायची ताकद माझ्यात नाही." खाली नुसतं नाव. 'तुमची' वगैरे काही नाही.

अगं, ही काय परीक्षा आहे का? बापाला भेटायला पास व्हावं लागतं हे मी पहिल्यांदाच ऐकतोय.

बरं, वाचली. दोनदा वाचली. डोक्यावरून गेली.

काय आहे कथेत? एक नदी. अलीकडच्या काठावर एकच घर. घरात 'मी' आणि एक मुलगी. एक होडीवाला. सकाळी तो होडी बांधतो, वल्हं खांद्यावर टाकतो आणि खालच्या गावात कुणाची तरी होडी अडकली म्हणून सोडवायला चालत जातो. मागे 'मी'ला पलीकडे जायची वेळ येते. दवाखाना पलीकडे. होडी आहे, वल्हं नाही. शेवटी ती मुलगी 'मी'ला पाठीवर घेते आणि पाण्यातल्या दगडांवरून चालत नेते. संपली कथा.

आता माझे प्रश्न. 'मी' म्हणजे तू, हे उघड आहे, लिहिलंयसच तू. मग ती मुलगी कोण? तुला बहीण नाही. तुला दिवस गेलेत का? असलं काही असेल तर सरळ सांगावं, नदीबिदी मध्ये आणायची काय गरज? आणि होडीवाला म्हणजे मी असं तुला सुचवायचं असेल तर आत्ताच सांगतो, मी जन्मात होडीत बसलेलो नाही. मला मळमळतं. शिवाय दुसरं वल्हं कसं नाही घरात? माझ्या धंद्यात प्रत्येक गोष्टीचा दुसरा नग ठेवतात. ठेवायला हवा, म्हणजे.

पाचवं पान मात्र वाचता आलं नाही. त्यावर चहा सांडला.

आणि 'तेच पुन्हा' म्हणजे काय ते मला कळलं. त्या दिवशी लिफ्टचा ब्रेक खराब होता. शंभरदा सांगितलंय, ही एकशे एकावी वेळ. तुझ्या आईला सहा मजले उतरवायला लिफ्ट नव्हती याचं दुःख मला नाही असं वाटतं का तुला?

तीस तारखेपर्यंत वेळ आहे. मी काही हार मानणारा माणूस नाही. चाळीस वर्षं अडकलेल्या लिफ्टा सोडवल्यात, आठ पानं काय चीज आहे.

बाबा


८ नोव्हेंबर, शनिवार

पक्कड,

हसू नकोस. मी शाळेत जायला लागलोय.

वाचनालयाच्या दारावर पाटी होती, 'कथा कशी वाचावी', मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता, तिसऱ्या मजल्यावर. त्या वाचनालयाची लिफ्ट मी तेवीस वर्षं सांभाळली. तिचा प्रत्येक स्क्रू मला पाठ आहे, पुस्तकाला मात्र एकदाही हात लावला नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच. (लिफ्टचं दार आता कुरकुरतंय. माझ्या जागी आलेला माणूस कामाचा नाही.)

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत, निवृत्त शिक्षिका, चष्मा दोरीने गळ्यात. पहिल्याच दिवशी त्यांनी फळा भरून टाकला. कथानक, पात्र, स्थळकाळ, संघर्ष, निवेदक, प्रतीक, पूर्वसूचना, उपरोध. मी माझी जुनी सर्व्हिसची वही नेली होती. तिच्यात तीनच रकाने, तक्रार, कारण, उपाय. मी तुझी कथा त्यात बसवून पाहिली. तक्रार: वल्हं नाही. कारण: होडीवाला घेऊन गेला. उपाय: रकाना रिकामा.

पूर्वसूचना मला लगेच कळली. दोरखंड तुटायच्या आधी त्याची एखादी तार सुटते आणि हाताला टोचते, तसं. तुझ्या कथेत पहिल्याच पानावर 'मी' जिना चढून आल्यासारखी धापा टाकते आणि म्हणते, वय झालं. तेव्हा मला वाटलं सव्विसाव्या वर्षी कसलं वय? रोज जरा चालायला जात जा.

उपरोध काही कळला नाही. बाई म्हणाल्या, बोलायचं एक आणि अर्थ त्याच्या उलट. मी म्हटलं, हे तर आमच्याकडे रोजचं. जेवण निवून गेल्यावर मी घरात शिरलो की बायको म्हणायची, "या, आज लवकर आलात." सगळे हसले. मी पण हसलो. मग वर्ग संपेपर्यंत काय शिकवलं ते मला ऐकू आलं नाही.

माझ्या शेजारी दातांचे एक डॉक्टर बसतात. त्यांना सगळीकडे प्रतीक दिसतं. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून माणसाचं असं होत असावं. मी कुणाची कथा ते न सांगता तुझं शेवटचं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. "आता मी थांबणार नाही. तो आला की त्याला सांग, आधी हात धुवा म्हणावं." डॉक्टर खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "वा! हात धुणं म्हणजे पाप धुणं. त्याच्या हाताला रक्त लागलंय, असं लेखिका म्हणतेय."

पक्कड, माझं डोकं फिरलं. ते वाक्य तुझ्या आईचं आहे. रोज संध्याकाळी दारातच, माझे ग्रीसचे हात बघून, चप्पल काढायच्या आधी. ते तू उचललंस, स्वतःच्या तोंडी घातलंस आणि माझ्यावर फेकलंस? बाप खुनी आहे हे सांगायला तुला मेलेल्या आईचे शब्द लागले? आणि 'मी थांबणार नाही' हेही कळलं. नको थांबूस. जायचंय तर जा खुशाल. मी काही वर्गाबिर्गाला जाणार नाही आता.

पत्र फाडणार होतो. पण तिकीट लावून झालंय.

बाबा


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पक्कड,

मंगळवारी गेलो वर्गाला. आजही जाऊन आलो. मागच्या पत्रात जे लिहिलं ते रागात लिहिलं. तुझ्या आईने ते पत्र पेटीत पडूच दिलं नसतं. माफ कर म्हणत नाही, पण विसर.

तुझं कार्ड आलं. दोन शब्द. "पुन्हा ब्रेक." एवढी आठ पानं लिहिणारी मुलगी बापाला दोन शब्द लिहिते, आणि दिवसभर ते दोनच शब्द माझ्या खिशात खुपत राहतात.

ब्रेकचं म्हणशील तर ब्रेक घासत होता. घासत होता हे खरं आहे. अगदी खराब म्हणता येणार नाही, पण घासत होता. म्हणून तर त्या दुपारी मी आपल्याच इमारतीच्या मशीनरूममध्ये काम काढलं होतं. तेवढ्यात फोन आला की चार रस्ते पलीकडच्या इमारतीत लिफ्ट मध्येच अडकलीय, आत एक बाई आणि तिचं तान्हं बाळ आहे. मी धावलो. कुणीही धावलं असतं. त्यात माझं चुकलं असं देवही म्हणणार नाही.

आता हे उगाच सांगतो, तुला माहीतच असेल. माझ्या धंद्यात पहिला नियम असा, की मशीनमध्ये हात घालायच्या आधी मेन फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. फळीवर नाही, पेटीत नाही, खिशातच. म्हणजे खालून कुणी चुकून लिफ्ट चालू करत नाही आणि आपला हात शाबूत राहतो. आणि ज्याने काढला त्यानेच लावायचा. माझ्या उस्तादाने हे मला थोबाडीत देऊन शिकवलं होतं. चाळीस वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नाही.

असो. वर्गातली गंमत सांगतो. आज बाई म्हणाल्या, कथेत लेखक आकडा फुकट देत नाही. तुझ्या कथेत ती मुलगी दगड मोजते, शहाण्णव. मी विचारलं, शहाण्णवच का? शंभर का नाही, गोल आकडा? बाई म्हणाल्या, "कथा बघितल्याशिवाय कसं सांगू?" तर मी काय केलं, आठही पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि सगळ्यांना दिल्या. ओळखीतल्या एका मुलीने लिहिलीय म्हणालो. पुढच्या शुक्रवारी वर्गात तिची चिरफाड आहे.

बाई म्हणाल्या, पाचव्या पानाची प्रत किती स्वच्छ आलीय.

होय, चहा फारसा सांडला नव्हता.

बाबा


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पक्कड,

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण मला त्यातलं काय महत्त्वाचं आहे ते कळत नाहीय.

बाईंनी कथा मोठ्याने वाचली. छान वाचली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "आधी एवढंच सांगा, ही जी 'मी' बोलतेय, ती किती वर्षांची असेल?"

मी हात वर केला. सव्वीस.

डॉक्टर म्हणाले, "छे हो! पन्नाशीची तरी असेल. गुडघ्यावर हात ठेवून उठते. चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधते. मुलीला म्हणते, तुझ्या पाठीवर बसायची आता माझी पाळी आली."

मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही दात बघा. लिहिणारी सव्वीस वर्षांची आहे, मी तिला चांगलं ओळखतो."

बाई म्हणाल्या, "लिहिणारी असेल. बोलणारी नाही."

मी म्हटलं, म्हणजे? लिहिणारी आणि बोलणारी वेगळी कशी? ज्याची जीभ त्याचाच आवाज.

मग त्या मला समजावत बसल्या, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसं. म्हणाल्या, कथेतला 'मी' हा लेखक नसतो. लेखकाला वाटलं तर तो चोर होऊन बोलेल, म्हातारा होऊन बोलेल, भिंत होऊन बोलेल. त्याला निवेदक म्हणतात. पहिल्याच दिवशी फळ्यावर होता की तो, पाचवा शब्द. लेखक त्याला आपला आवाज उसना देतो आणि आपण बाजूला उभा राहतो. "इथे लेखिका कुठे आहे म्हणाल," बाई म्हणाल्या, "तर ती पाठीवर घेणारी मुलगी असेल कदाचित. मला तरी तसं वाटतं."

मी वही मिटली. पेन खाली पडलं ते उचललं नाही. डॉक्टर म्हणाले, "काका, पाणी देऊ का?" माझी लिफ्टची वेळ झाली असं काहीतरी बोलून मी निघालो. निवृत्त माणसाची कसली लिफ्ट आणि कसली वेळ.

खाली लिफ्टने गेलो नाही. दाराची ती कुरकूर ऐकवेना.

पक्कड, मुलगी जर तू असशील, तर मग 'मी' कोण आहे?

मला माहीत आहे कोण आहे. तरी विचारतोय.

बाबा


२२ नोव्हेंबर, शनिवार

आज सकाळपासून चार वेळा कागद घेतला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आज नाही लिहीत.


२५ नोव्हेंबर, मंगळवार, दुपार

पक्कड,

आज वर्गाला जाणार नाही. कालच आपल्या जुन्या इमारतीत गेलो होतो. ती जागा सोडल्यापासून मी त्या रस्त्याला पाय ठेवला नव्हता. वॉचमन तोच आहे, केस पांढरे झालेत. मला बघून म्हणाला, "या या! लिफ्ट चालू आहे हो." मी म्हटलं, मला जिना चढायचाय. तो म्हणाला, "तुम्ही? जिना?"

लिफ्टवाला जिना मोजत नाही. एकवीस वर्षं त्या घरात राहिलो, किती पायऱ्या आहेत मला माहीत नव्हतं. काल मोजल्या. मजल्याला सोळा. सहा मजल्यांच्या शहाण्णव.

वरून खाली आलो, तुझ्यासारखा. रिकाम्या पाठीने, तरी तिसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं. अठ्ठेचाळीस पायऱ्या झाल्या होत्या. तिथे खिडकीखाली तो रुंद कट्टा आहे ना, त्यावर बसलो. मग खिशातून तुझं पाचवं पान काढलं.

आता ऐक. पाचव्या पानावर चहा सांडला नव्हता. कपाच्या बुडाचा एक गोल उमटलाय, तोही मी मुद्दाम ठेवला म्हणून. ते पान मी पहिल्याच दिवशी वाचलं. तुला पाठ असेल, पण मला माझ्या हाताने लिहू दे.

"वारा खालच्या गावाकडून होता. लोक हसत होते, त्याला बसवून घेत होते. मी हाक दिली. तो म्हणाला, आलोच, पण मंडळी सोडत नाहीत. त्याच्या आवाजात एवढा आनंद मी किती वर्षांत ऐकला नव्हता. छातीवरचा हात मी काढला नाही. म्हणाले, बसा. सावकाश या."

सावकाश या. ते दोन शब्द दिसले आणि पुढचं पान मला दिसेनासं झालं. कारण ते दोन शब्द जगात दोनच माणसांना ठाऊक होते. एक गेली आणि दुसरा मी. मी कुणाला सांगितलं नव्हतं. तू तेव्हा कॉलेजातून घरी यायची होतीस. मग तुला कसं कळलं? तीन आठवडे मी हाच विचार करतोय. आधी वाटलं, फोन तपासलास. मग वाटलं, अंदाजाने लिहिलंस आणि बरोबर लागलं. मग वाटलं, माझ्या तोंडावर मारायला तू तिचे शब्द तुझ्या तोंडी घेतलेस. एकदाही असं वाटलं नाही की ते तिच्याच तोंडी असतील.

बाई म्हणाल्या ना, बोलणारी वेगळी. मग खालचं मी काल त्या कट्ट्यावर बसून पुन्हा वाचलं.

"अठ्ठेचाळिसाव्या दगडावर मी मुलीला म्हणाले, टेकव जरा. वल्हं त्याच्या खांद्यावरच असणार, त्याची सवयच आहे. आल्यावर त्याच्यावर ओरडू नकोस. सावकाश या मीच म्हणाले."

तिने तुला सांगितलं. त्या कट्ट्यावर, दम खाताना. श्वास पुरत नसताना तिने तो तेवढं बोलण्यात घालवला.

आता मी सांगतो, जे एकशे एक वेळा सांगितलं नाही.

ब्रेक ठीक होता. नेहमीच्या तेलपाण्यासाठी काढलेला मेन फ्यूज माझ्या खिशात होता. बाळ अडकलंय म्हणाले, मी पळालो, फ्यूज लावायचा राहिला. जाताना वाटलं, वीस मिनिटांत परत येईन. आणि वीस मिनिटांत येताही आलं असतं, पक्कड. ती बाई आणि तिचं बाळ मी पंधरा मिनिटांत बाहेर काढलं. पण मग त्या इमारतीतल्या लोकांनी मला खुर्ची दिली. चहा दिला. बाळाच्या आजीने माझे हात हातात घेतले, ग्रीस लागेल म्हणालो तरी सोडेना. सगळे विचारायला लागले, भीती नाही वाटत का, दोरखंड तुटतो का. चाळीस वर्षांत लिफ्ट बंद पडली की लोकांनी मला शिव्या घातल्यात, चालू झाली की माझ्याकडे बघितलंही नाही. त्या दिवशी मला खुर्ची मिळाली. मी बसलो. किस्से सांगत बसलो. पाऊण तास. मधे तुझ्या आईचा फोन आला. मी म्हटलं, "अगं, मंडळी सोडत नाहीत." ती म्हणाली, "बसा. सावकाश या." मला वाटलं, मजेत आहे. तिचा आवाज जरा बारीक होता. आज वाटतं जरा बारीक होता. तेव्हा वाटलं नाही.

तू घरी आलीस, तिला बघितलंस, ॲम्ब्युलन्सला अर्धा तास लागेल म्हणाले म्हणून थांबली नाहीस. एकोणीस वर्षांची पोर. दुपारची वेळ, सगळ्या दारांना कुलुपं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर बघता आलं असतं. तू बाकावर बसली होतीस, तुझे पाय अनवाणी होते. तू ओरडली नाहीस. हे मला काल कळलं, की का ओरडली नाहीस. तू अगदी हळू विचारलंस, "बाबा, लिफ्ट का बंद होती?"

आणि मी म्हणालो, ब्रेक खराब होता.

तुला तेव्हाच खरं ठाऊक होतं. आईने सांगितलेलं पोटात ठेवून तू फक्त विचारलंस. मी बोललो असतो तर आपण दोघं मिळून रडलो असतो आणि घरी गेलो असतो. मी खोटं बोललो आणि तू उठून उभी राहिलीस. मला वाटायचं, तू मला आईमुळे सोडून गेलीस. तू तर त्या एका शब्दामुळे गेलीस, होय ना?

आता परीक्षेचं. कथा समजली की नाही ते मला अजून समजलेलं नाही. उपरोध अजून कळत नाही. नदीच का घेतलीस, कळत नाही. माझ्यासारख्या माणसाला होडीवाला का केलंस, तेही नाही. आणि खुनी म्हणायचं असतं तर त्याच्या आवाजातला आनंद कशाला लिहिला असतास, हे मला राहून राहून वाटतं, पण त्याचं उत्तरही येत नाही. एक मात्र वर्गातल्या डॉक्टरांना सांगणार आहे. शेवटच्या वाक्यात रक्तबिक्त काही नाही. एक बायको चाललीय आणि जाता जाता मुलीला सांगतेय, की माझा नवरा येईल, त्याचे हात ग्रीसने भरलेले असतील, त्याला आधी हात धुवायला सांग. हात धुवा म्हणजे हात धुवा. मला तो निरोप पोचायला सात वर्षं लागली, कारण तू सांगायच्या आधीच मी खोटं बोललो आणि तू निरोप परत घेऊन गेलीस. तो तू आठ पानांत घालून पाठवलास.

तो फ्यूज माझ्याकडेच आहे. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून नवा आणून तिथे लावला. ज्याने काढला त्यानेच लावायचा हा नियम मी मोडला नाही म्हणालो होतो, तेही खोटं होतं. तो घेऊन येतोय. तुला द्यायला नव्हे. तुझ्यासमोर एकदा खिशातून बाहेर काढायचाय.

अठ्ठावीस तारखेला सकाळच्या बसने निघतो, बाराच्या सुमारास पोचेन. पाकिटावरचा पत्ता आहे माझ्याकडे. पहिला मजला असला तरी जिन्याने येईन. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. उघडलंस तर लगेच काही बोलणार नाही. आधी हात धुवीन. तुझं घर मी कधी पाहिलेलं नाही, तेव्हा बेसिन कुठल्या बाजूला आहे तेवढं दारातच सांग.

बाबा